विसार, दंड आणि विमानाचं रद्द झालेलं तिकीट

मागच्या व्याख्यानात मी न्यायदर्शनातल्या प्रमाणांवर बोललो. संपल्यावर एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, सगळं छान होतं, पण याचा व्यवहारात काही उपयोग होतो का हो?" मी म्हटलं, होतो. मला त्याचे चारशे डॉलर मिळालेत. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. म्हणून आज तीच हकीकत सांगतो, आणि तिच्या निमित्ताने थोडं तत्त्वज्ञान आणि थोडा कायदा.

शिराळ्यात विमानाच्या तिकिटावर व्याख्यान कशाला, असं कुणाला वाटेल. पूर्वी आपल्या तालुक्यातली माणसं पोटासाठी मुंबईच्या गिरण्यांत जायची. आता त्यांची नातवंडं परदेशात आहेत, आणि आपण म्हातारी माणसं वर्षा-दोन वर्षांनी तिकडे जाऊन येतो. समोर बसलेल्यांपैकी निदान दहा-बारा जण तरी जाऊन आलेत, मला ठाऊक आहे.

तर २०२३ च्या मे महिन्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती मुलीकडे न्यू जर्सीला होतो. सॅन फ्रान्सिस्कोला माझा भाचा असतो, त्याच्याकडे चार दिवस जाऊन यावं असं ठरलं. १४ मेच्या रात्री १० वाजून ५ मिनिटांनी जावयांच्या संगणकावरून, विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, दोन तिकिटं काढली. ८१२ डॉलर. पैसे माझ्या इथल्या बँकेच्या क्रेडिट कार्डावरून गेले. प्रवास २६ मेचा. दुसऱ्या दिवशी सकाळी हिचा गुडघा असा सुजला की जमिनीवर पाऊल टेकवेना. दुपारी ३ वाजता मी तिकिटं रद्द केली. रद्द झाल्याचा मेल लगेच आला. दहा दिवसांनी पाहतो तर ४१२ डॉलरच परत आलेले. माणशी २०० डॉलर कापून घेतले होते.

अमेरिकेत नियम असा आहे की प्रवासाला सात दिवस किंवा त्याहून जास्त अवधी असताना थेट कंपनीकडे तिकीट काढलं, तर ते चोवीस तासांत रद्द केल्यास पूर्ण पैसे परत द्यावे लागतात. पैसे न घेता चोवीस तास आरक्षण धरून ठेवायची सोय दिली, तरी कंपनीला चालतं. या कंपनीने पहिला मार्ग पत्करलेला होता, तसं तिच्या संकेतस्थळावर लिहिलेलंच होतं. म्हणजे मी सतरा तासांच्या आत रद्द केलं, प्रवासाला अकरा दिवस होते, माझी बाजू सरळ होती. तरी तीन महिने लागले. का लागले ते सांगतो, कारण त्यात माझीही चूक आहे.

पण त्याआधी एक प्रश्न. तिकीट रद्द केल्यावर कंपनी पैसे कापते, ते नेमकं काय असतं? आपल्याकडे बैलबाजारात विसार देतात. विसार दिला की व्यवहार पक्का. घेणारा मागे हटला तर विसार बुडतो. विकणाऱ्याने शब्द फिरवला तर त्याला तो परत करावा लागतो. विसार ही शब्दाची किंमत आहे. बैलाची पूर्ण किंमत आधीच दिली आणि मग घेणारा मागे हटला, म्हणून विकणाऱ्याने पैसेही ठेवले, बैलही ठेवला आणि तोच बैल दुसऱ्याला विकला, तर बाजारातली चार माणसं त्याला काय म्हणतील? इथे सांगायला नको.

आता हीच गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या भाषेत ऐका. १९६९ सालचा मौला बक्ष यांचा निकाल आहे. या गृहस्थांनी लष्कराला बटाटे पुरवायचं कंत्राट घेतलं होतं, आणि दुसरं कोंबड्या, अंडी आणि मासळीचं. अनामत म्हणून एकावर १०,००० रुपये आणि दुसऱ्यावर ८,५०० रुपये भरले. माल वेळेवर पोचेना, सरकारने कंत्राटं रद्द केली आणि अनामत जप्त केली. न्यायालय म्हणालं, ही रक्कम विसार नव्हे. तुमचं नुकसान किती झालं ते दाखवा. बटाटे, अंडी या बाजारात मिळणाऱ्या वस्तू आहेत. दुसरीकडून घेताना किती जास्त मोजावे लागले, ते सिद्ध करता येतं. ते सिद्ध केलं नाहीत, मग जप्ती कशाची? १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ हेच सांगतं. करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते.

अ‍ॅरिस्टॉटल नीतिशास्त्राच्या पाचव्या पुस्तकात दुरुस्त करणारा न्याय म्हणतो तो हाच. एकाकडे जास्त गेलं, दुसऱ्याकडे कमी उरलं, न्यायाधीशाने ते समान करायचं. समान करण्यापलीकडे जे घेतलं जातं तो दंड. आणि दंड करायचा अधिकार राजाचा, व्यापाऱ्याचा नव्हे. हे शेवटचं वाक्य माझं आहे, अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर खपवू नका.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. "रद्द केल्यास पैसे परत नाहीत" असं स्वच्छ लिहिलेलं स्वस्त तिकीट तुम्ही समजून-उमजून घेतलं, बारा हजारांचं तिकीट सातला मिळालं, तर ते पाच हजार तुम्ही आधीच खिशात घातलेत. विमान सुटायच्या दोन तास आधी जागा सोडलीत तर ती कुणाला विकायची? बटाट्यासारखी जागा उद्या विकता येत नाही. तिथे कंपनीचं म्हणणं मला पटतं. भांडायचं असेल तर आधी स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा की आपण वचन मोडतोय, की वचनातच दिलेली मुभा वापरतोय. मी मुभा वापरत होतो.

आता माझी चूक. कंपनीला तक्रार लिहिताना मी दोन पुरावे जोडले. तिकीट काढल्याचा पुरावा जावयांच्या संगणकावरचा, १४ मे, रात्री १०.०५. रद्द झाल्याचा मेल मात्र माझ्या फोनवरचा. आणि माझा फोन होता शिराळ्याच्या वेळेवर! तिकडे गेलं तरी घड्याळ बदलायचं नाही, ही माझी जुनी खोड. इथे आता दूधवाला आला असेल, इथे आता दिवेलागण झाली असेल, असं पाहत बसायचं. उन्हाळ्यात तिथला आणि इथला फरक साडेनऊ तासांचा. तिथे १५ मेचे दुपारचे ३ म्हणजे इथे १६ मे, मध्यरात्रीनंतरचे १२.३०. कंपनीचं उत्तर आलं: तुम्हीच पाठवलेल्या पुराव्यानुसार २६ तास २५ मिनिटं झालेली आहेत, सबब परतावा नाही.

चाळीस वर्षं मुलांना प्रत्यक्ष आणि आभास यांतला फरक शिकवला, आणि स्वतः फसलो. दोरी साप वाटली म्हणून साप चावत नाही. इथे मात्र चावला.

मग शांत बसून पत्र नव्याने लिहिलं, आणि ते न्यायदर्शनातल्या पंचावयवी वाक्याच्या चालीवर. डोंगरावर धूर दिसतो म्हणून अग्नी आहे, हे जसं पाच पायऱ्यांनी सांगतात, तसंच. पहिली प्रतिज्ञा: ४०० डॉलर कापणं चूक आहे. मग हेतू: कारण तिकीट चोवीस तासांत, प्रवासाच्या सात दिवसांहून आधी रद्द झालं. मग उदाहरण, म्हणजे व्यापक नियम: अशा प्रत्येक तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात, आणि इथे कंपनीच्याच पानाचा उतारा. मग उपनय, म्हणजे माझी गोष्ट त्या नियमात कशी बसते: दोन्ही वेळा न्यू जर्सीच्या घड्याळात, शेजारी भारतीय वेळ, मधलं अंतर १६ तास ५५ मिनिटं. शेवटी निगमन: म्हणून ४०० डॉलर अमुक तारखेपर्यंत मूळ कार्डावर जमा करावेत. एक पान. गुडघ्याबद्दल एक शब्द नाही. आपल्या माणसांची पत्रं वाचतो मी; त्यांत आजारपण, वय, पन्नास वर्षांची सचोटी, सगळं असतं आणि आरक्षण क्रमांक नसतो.

शब्दप्रमाणाबद्दलही एक सांगतो. ग्राहक सेवेच्या फोनवरची मुलगी "हो सर, होऊन जाईल" म्हणाली, हे प्रमाण नव्हे. फोन झाला की लगेच मेल टाका: आज अमुक वाजता आपलं असं असं बोलणं झालं. त्यांनी नाकारलं नाही तर ते तुमच्या बाजूने उभं राहतं.

हेच पत्र मी अमेरिकेच्या परिवहन खात्याकडे ऑनलाइन पाठवलं. तिथे तक्रार करायला अमेरिकन नागरिक असावं लागत नाही. कंपनीला ६० दिवसांत मुद्देसूद उत्तर द्यावं लागतं. दुसरीकडे बँकेला कळवलं. तिथे जपून. बँकेत फोन केल्यावर पहिला प्रश्न येतो, "हा व्यवहार तुम्ही केला नव्हता का?" घाईत "नव्हता" म्हणालात तर प्रकरण फसवणुकीच्या खात्यात जातं, कार्ड बंद होतं, आणि चौकशीत तुम्हीच खोटे ठरता. व्यवहार मी केला, रद्दही केला, परतावा अपुरा आला, असं सांगायचं. याला चार्जबॅक म्हणतात. कार्ड कंपन्यांच्या नियमांत त्याला साधारण १२० दिवसांची मुदत असते, म्हणून कंपनीच्या गोड उत्तरांची वाट पाहत बसू नका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फी नाही. ऑगस्टमध्ये कंपनीने पैसे जमा केले. मी त्याच दिवशी बँकेला कळवून तक्रार मागे घेतली. एकच पैसा दोन दारांतून घेणं हीही लबाडीच.

हे झालं आपण रद्द केलं तर. कंपनीने विमान रद्द केलं तर गोष्ट अगदी वेगळी. विकणाऱ्याने शब्द फिरवला. आपल्याच एअर इंडियाला नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या परिवहन खात्याने १२ कोटी १५ लाख डॉलर प्रवाशांना परत करायला लावले, वर १४ लाख डॉलर दंड. तक्रारी बहुतेक कोरोनाकाळातल्या, कंपनी टाटांकडे जाण्याआधीच्या. मागितले तर देऊ, असं कंपनीचं धोरण होतं, आणि मागितल्यावरही अनेकांना शंभर दिवसांहून जास्त थांबावं लागलं. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत त्या दिवसांत हाच विषय असायचा. इथे सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला टाळेबंदीतल्या तिकिटांच्या परताव्याचा निकाल दिला, तो यातलाच.

प्रश्न विचारा आता. हां, बोला.

"एजंटाकडून काढलेलं असेल तर?" चांगला प्रश्न. अमेरिकेचा तो चोवीस तासांचा नियम विमान कंपन्यांना लागू आहे, मधल्या विक्रेत्याला नाही. म्हणून शक्यतो थेट काढा. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम मात्र म्हणतात की एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी, परतावा पोचवायची जबाबदारी कंपनीचीच. आणखी एक, मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळतात. पुष्कळ लोक ती मागतच नाहीत. पैशांऐवजी पुढच्या प्रवासासाठी जमा ठेवतो असं कंपनी म्हणाली, तर ते स्वीकारायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. परदेशी कंपन्या मात्र परताव्याच्या बाबतीत त्यांच्या देशाचे नियम पाळतात.

"इथून खटला करता येतो का?" येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करायची मुभा दिली आहे. म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहा. कंपनीचं भारतात कार्यालयच नसेल तर निकाल हातात येऊनही वसुली अवघड जाते, तिथे बँकेचा मार्ग बरा.

मागून कुणीतरी विचारतंय, "सर, तुमचे पूर्ण पैसे आले का?" नाही. जाताना डॉलरचा भाव वेगळा, येताना वेगळा, आणि परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावरचा जीएसटी बँकेने ठेवून घेतला तो ठेवूनच घेतला. त्याचं पत्र बँकेला गेलेलं आहे. तेही पाच पायऱ्यांचंच.