ईश्वराचे गुण, ख्रिस्ती धर्मशास्त्रातील

ईश्वराच्या स्वभावाविषयी बायबलमध्ये आढळणाऱ्या विधानांच्या आधारे ख्रिस्ती धर्मशास्त्राने निश्चित केलेली त्याची लक्षणे. पावित्र्य, न्याय, क्रोध, दया, प्रेम, सहनशीलता व सर्वशक्तिमत्त्व ही त्यांपैकी प्रमुख होत. पापाचा निवाडा करणारा व पाप्याला क्षमा करणारा ईश्वर एकच कसा, हा या विषयातील मूळ प्रश्न होय.

हा प्रश्न बायबलमध्येच उद्‌भवतो. ‘निर्गम’ या ग्रंथात (३४ : ६–७) परमेश्वर मोशेपुढे स्वतःला प्रकट करतो, तेव्हा तो दयाळू व मंदक्रोध आहे आणि दोषी व्यक्तीची गय करीत नाही, असे एकाच घोषणेत सांगितले आहे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही (११ : २२) देवाची ममता व कठोरता या दोहोंकडे लक्ष वेधले आहे. जुना करार केवळ कोपाचा आणि नवा केवळ प्रेमाचा, ही समजूत ग्राह्य ठरत नाही. कारण होशेय व योना या जुन्या करारातील ग्रंथांत दयेला विशेष स्थान आहे, तर अंतिम न्यायाविषयीची अनेक कठोर वचने शुभवर्तमानांत येशूच्याच मुखी आहेत.

या गुणांची फारकत करण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न दुसऱ्या शतकात मार्सियन याने केला. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी येथील या जहाजमालकाच्या मते जुन्या करारातील न्यायी निर्माता आणि येशूने प्रकट केलेला प्रेमळ पिता हे दोन भिन्न ईश्वर होत. त्याने जुना करार त्याज्य ठरविला आणि लूकचे संक्षेपित शुभवर्तमान व पौलाची दहा पत्रे एवढेच ग्रंथ प्रमाण मानले. इ. स. १४४ मध्ये रोम येथील चर्चशी त्याचा संबंध तुटला. इरेनीअसने त्याच्याविरुद्ध असे प्रतिपादिले, की ईश्वराची अशी विभागणी केल्यास दोन्हींचे ईश्वरत्व नष्ट होते; कारण चांगुलपणाविना न्यायी किंवा न्यायाविना चांगला असा ईश्वर अपूर्णच राहतो. टर्टल्यनने आपल्या पाच भागांच्या खंडनग्रंथात दाखवून दिले, की जो ईश्वर दुष्कृत्यास मनाई करतो, परंतु ते घडल्यावर त्याची दखल घेत नाही, त्याच्या आज्ञांना अर्थ उरत नाही.

मध्ययुगात ही चर्चा क्रूसाच्या अर्थाभोवती केंद्रित झाली. अँसेल्मने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात पाप हा ईश्वराच्या सन्मानाचा भंग मानून त्याच्या भरपाईची आवश्यकता प्रतिपादिली. आबेलारने ख्रिस्ताच्या मरणातून प्रकट होणाऱ्या व मानवात प्रेम जागविणाऱ्या ईश्वरी प्रेमावर भर दिला. टॉमस अक्वायनसच्या मते ईश्वर घटकांचा बनलेला नसल्यामुळे त्याचे गुण परस्परांविरुद्ध उभे राहू शकत नाहीत. शंभर नाणी देणे असलेल्याने स्वतःजवळची दोनशे दिली, तर न्यायाचा भंग होत नाही. तद्वत दया न्यायाला रद्द न करता त्याच्या पलीकडे जाते, असा दृष्टान्त त्याने दिला आहे.

अमेरिकन धर्मोपदेशक जॉनथन एडवर्ड्‌झ याचे एन्‌फील्ड येथील १७४१ चे ईश्वरी कोपावरील प्रवचन विख्यात आहे; मात्र त्यानेच १७३८ मध्ये प्रेम या विषयावर प्रवचनमाला गुंफिली होती. एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी प्रॉटेस्टंट विचारात प्रेमाला प्राधान्य येऊन न्यायाची कल्पना मागे पडली. याविरुद्ध कार्ल बार्टने १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या खंडात कृपा व पावित्र्य, दया व न्याय अशा जोड्या योजून ईश्वराच्या गुणांचे विवेचन केले.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. केवळ कोपाचे ध्यान करणारा भक्त निराशेकडे किंवा इतरांविषयीच्या निष्ठुरतेकडे वळतो. याउलट, न्यायाचा विसर पडल्यास क्षमा स्वस्त होते आणि अन्याय सोसणाऱ्याच्या आक्रोशाला ईश्वरापाशी उत्तर उरत नाही. म्हणून समतोल म्हणजे दोन गुणांचे समसमान वाटप नव्हे. ईश्वराचा न्याय प्रेममय व त्याचे प्रेम पवित्र आहे, असे मानणे होय.