सांडपाण्यातली वीज

तुम्ही फ्लश केलेलं पाणी शुद्ध करायला किती वीज लागते माहितीये? टाक्यांमध्ये सतत हवा फुंकावी लागते. प्रकल्पाची निम्मी वीज बऱ्याचदा तिथेच जाते. गंमत म्हणजे त्याच घाणीत ऊर्जा दडलेली असते!

पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठात ब्रूस लोगन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये विद्यापीठाच्याच सांडपाण्यावर एक छोटा इंधनघट चालवून दाखवला. ग्रॅफाइटच्या कांड्यांवर जिवाणू वाढतात आणि घाण खातात. त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून कॅथोडकडे जातात. तिथे हवा आपसूक मिळते, पंप लागत नाही.

वीज किती? दर चौरस मीटर इलेक्ट्रोडमागे जेमतेम २६ मिलिवॉट! १० वॉटचा एक एलईडी दिवा लावायला जवळपास ३८५ चौरस मीटर हवेत. पण माझ्या मते वीज हा बोनस. खरी कमाई ही, की पाण्यातली घाण ८० टक्क्यांपर्यंत कमी झाली, तीही हवा न फुंकता.

कॅथोडवरचं प्लॅटिनम मात्र महाग. लोगन यांच्या गटाने २००९ मध्ये त्याऐवजी सक्रिय कार्बन (हो, तुमच्या वॉटर फिल्टरमधला!) वापरला, आणि तो तोडीस तोड ठरला. आता अडचण आकाराची: घट मोठा केला की दर घनमीटरमागे मिळणारी वीज घटते.