नोंदवहीत निरंक

१३ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या जंगलात एक नर वाघ बेशुद्ध करून पकडला गेला. वनखात्याच्या कागदोपत्री त्याचं नाव सीटी-१, म्हणजे कॉन्फ्लिक्ट टायगर. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या पट्ट्यांत मिळून १३ माणसांचे बळी त्याच्या खाती मांडलेले. त्याच्या दोन वर्षं आधी, २७ ऑक्टोबर २०२० ला, राजुऱ्याचा आरटी-१ असाच पकडला गेला होता. त्याच्यावर ८ बळींचा ठपका होता. दोघांचीही गाडी नागपूरच्या वेशीवर, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात येऊन थांबली. बातमी तिथे संपली. वाघ मात्र संपत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो भुकेला असतो, चिडलेला असतो, पिंजरा घाण करून बसलेला असतो, आणि कोणाला तरी बादली-खराटा घेऊन तिकडे जावं लागतं. त्या माणसासाठी मराठीत धड शब्दही नाही. सगळे त्याला किपरच म्हणतात.

गोरेवाडा नागपूरकरांना आधी ठाऊक झाला तो तलावामुळे. १९१२ च्या सुमारास शहराच्या पाण्यासाठी तो बांधला गेला. २६ जानेवारी २०२१ ला तिथल्या प्राणिउद्यानाची भारतीय सफारी सुरू झाली आणि बसच्या काचेतून वाघ, बिबट, अस्वल पाहायला गर्दी लोटली. बचाव केंद्र हे त्यापेक्षा जुनं आणि वेगळं. तिथे तिकीट मिळत नाही. आलेला प्राणी लोकांना दाखवायचा नाही, हाच अशा केंद्रांचा नियम. त्यामुळे किपरचं काम कोणी पाहत नाही.

हे काम मुळात दारांचं आहे. वाघाची खोली धुवायची तर आधी त्याला शेजारच्या खोलीत न्यायचं, मधलं सरकतं दार बाहेरूनच पाडायचं, कडी लावायची, कुलूप घालायचं आणि मगच आत पाऊल टाकायचं. आत शिरण्यापूर्वी वाघ कुठल्या खोलीत आहे ते डोळ्यांनी पाहायचं. आवाजावर विसंबायचं नाही. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत किपर जखमी झाले किंवा मेले त्यातल्या कितीतरी घटनांच्या मुळाशी अशी एक उघडी राहिलेली कडीच असते. हात सरावले की डोळे आळसावतात. वीस वर्षं काम केलेल्याला नवख्याइतकाच धोका असतो, कदाचित थोडा जास्तच.

दुसरं काम बघण्याचं. रात्रीचं मांस सकाळी उरलंय का, हा पहिला प्रश्न. विष्ठा-मूत्र कसं आहे, चाल लंगडते का, उठायला वेळ लागतो का. वाघ दुखणं लपवतो; जंगलात दुबळेपणा दिसणं परवडत नाही, ती खोड पिंजऱ्यातही सुटत नाही. म्हणून पशुवैद्यकाच्या आधी किपरला कळावं लागतं. मोठ्या मांजरांना आठवड्यातून एक दिवस उपास घालतात. त्या दिवशी मात्र न खाण्यावरून काही ताडता येत नाही, चालीवरच भिस्त. नागपूरचा उन्हाळा वेगळाच. पारा ४५ ला टेकला की आपल्या घरासारखेच तिथेही कूलर लागतात, हिरव्या जाळ्या ताणल्या जातात, हौद भरले जातात.

आपल्या मनातला वाघासोबतचा माणूस अजूनही हंटरवाला आहे. त्याला कारणही आहे. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस उभी केली. पुण्याचे दामू धोत्रे तर अमेरिकेच्या रिंगलिंग ब्रदर्सपर्यंत पोचले. मला धोत्र्यांचं कौतुक आहेच. पण १४ ऑक्टोबर १९९८ च्या अधिसूचनेने वाघ, सिंह, बिबट, अस्वल आणि माकडं यांचे खेळ बंद झाले, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली, आणि रिंगणातून सुटलेल्या प्राण्यांसाठी देशात बचाव केंद्रं उभारावी लागली. रिंगमास्टरला प्राण्याने आपल्याकडे पाहायला हवं असतं. किपरला, शक्यतो, नको असतं.

सर्कशीचे सिंह गेले. आता घराघरांतले इग्वाना आणि मकाव आहेत. अशा परदेशी प्रजाती पाळणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनी नोंदणी सक्तीची केली. असा प्राणी जप्त झाला तर त्याचं जंगल समुद्रापार. ब्रह्मपुरीच्या वाघाचं जंगल शे-सव्वाशे किलोमीटरवर. परतीचा रस्ता मात्र दोघांनाही क्वचितच मिळतो.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाड्यात ३ वाघ आणि १ बिबट मेले. माणसांशी संघर्षानंतर त्यांना चंद्रपूर भागातून आणलं होतं. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला उत्तर आलं: एच५एन१, बर्ड फ्लू. कोंबड्यांचा म्हणून माहीत असलेला रोग वाघाला. नवल वाटायचं कारण नव्हतं. २००४ मध्ये थायलंडच्या एका व्याघ्रसंग्रहालयात कच्च्या कोंबडीतून तो शिरला तेव्हा ४४१ वाघांपैकी १४७ मेले किंवा मारावे लागले. २०२४ मध्येच व्हिएतनाममध्ये ४७ वाघ गेले. इतकी वर्षं किपर दाराची कडी तपासत होता. आता बादलीतल्या मांसाकडेही तितक्याच संशयाने पाहायचं. शिवाय हा विषाणू माणसालाही होऊ शकतो, म्हणजे मास्क, हातमोजे, पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बूट बुडवणं, सगळं पुन्हा नव्याने.

आणि रोजची नोंद. प्राण्याने किती खाल्लं, वागणं कसं, काही विशेष. त्या शेवटच्या रकान्यासाठी आपल्या सरकारी मराठीत एक रूक्ष शब्द आहे. किपर दिवसभर राबतो तो संध्याकाळी तिथे ‘निरंक’ लिहिता यावं म्हणून.