पावसाळा, सायकल आणि दप्तर

परळास हिंदमातेपाशीं रस्ता सखल असल्यामुळें मुसळधार पावसांत तेथें पाणी सांचत आलें आहे. सायकलीवरील दप्तर वरून भिजतेंच. चाकानें उडविलेल्या चिखलानें खालूनही भिजतें. पिशवी घेतांना पालक कापड चांचपून पाहतात. परंतु पाणी शिरतें तें बहुधा शिवणीच्या भोंकांतून व चेनींतून. १८२३ सालीं मॅकिंटॉश ह्यानें दोन कापडांमध्यें रबर घालून जलाभेद्य कापड केलें. त्याच्या कोटांतही सुईच्या भोंकांवाटे पाणी शिरे! सबब, जिचे सांधे उष्णतेनें जोडलेले आहेत व जिचें तोंड दोनतीनदां गुंडाळून बंद होतें, अशीच पिशवी घ्यावी. ती परवडत नसल्यास पुस्तकें प्लास्टिकच्या जाड पिशवींत बांधून नेहमींच्या दप्तरांत ठेवावीं. कोणतीही पिशवी प्रथम रद्दी भरून नळाखालीं धरावी. रद्दी कोरडी निघाली, तरच तींत ग्रंथालयाचें पुस्तक घालावें.