अपवादाने नियम सिद्ध होतो?

इंग्रजीत ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्‌ज द रूल’ असे एक वचन आहे. ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ या रूपाने ते मराठीतही रुळले असून, वादात कोंडी झाली की पुष्कळांना त्याची आठवण होते. ‘मुलींना गणितात गती नसते,’ असे एखादे गृहस्थ म्हणतात. २०१४ साली मरियम मिर्झाखानी या इराणी विदुषीस गणितातील फील्ड्‌स पदक मिळाले, असे कोणी त्यांच्या निदर्शनास आणावे, तर ते शांतपणे उत्तरतात, ‘अपवादाने नियम सिद्धच होतो!’

श्रोतेहो, विरुद्ध पुराव्यानेच सिद्धान्त बळकट होऊ लागला, तर जगात कोणताही सिद्धान्त खोटा ठरावयाचा नाही. वर्गातील हुशार मुलीने किती गुण मिळवावेत म्हणजे हा नियम मोडेल? तिने पैकीच्या पैकी मिळवले, तरी ती केवळ अधिक मोठा अपवाद ठरणार!

मूळ वचनाचा अर्थ अगदी निराळा आहे. ‘जे वगळलेले नाही त्याच्यापुरता, अपवाद हा नियमाचा पुरावा होय,’ असे कायद्याचे लॅटिन सूत्र आहे. वाचनालयाच्या दारावर ‘रविवारी बंद’ एवढीच पाटी असते. इतर वारी ते उघडे असते, हे कोठेही लिहिलेले नसते. तरी आपण सोमवारी निःशंक मनाने जातो.

ही विचारसरणी फार जुनी आहे. इ. स. पूर्व ५६ मध्ये बाल्बस या स्पेनमधील गृहस्थाचे रोमन नागरिकत्व बेकायदा ठरवण्यासाठी रोममध्ये खटला झाला. काही जमातींशी रोमने केलेल्या तहांत, त्यांच्यापैकी कोणास नागरिक करून घेऊ नये, असे कलम होते. त्याचा आधार फिर्यादी पक्षाने घेतला. सिसेरोने तोच आधार उलटवला. तेथे मनाई मुद्दाम लिहावी लागली, त्या अर्थी जेथे ती लिहिलेली नाही तेथे मोकळीक आहे! बाल्बस सुटला, इतकेच नव्हे, तर इ. स. पूर्व ४० मध्ये तो रोमचा कॉन्सल झाला.

‘प्रूव्ह’ म्हणजे येथे ‘पारखणे’, असे काही जण सांगतात. अर्थ गोड आहे. पण सूत्राचे गळून पडलेले पहिले अर्धे वाक्य परत जोडले, की त्याची गरज उरत नाही.

आपल्या व्याकरणकारांना हे सांगावे लागले नसते. त्यांच्या शास्त्रात सामान्य नियम तो ‘उत्सर्ग’. ‘अपवाद’ त्याला स्वतःच्या क्षेत्रापुरता बाजूस सारतो आणि अन्यत्र उत्सर्ग चालतो. मात्र ते क्षेत्र सूत्रातच आखलेले असते. वाद हरू लागल्यावर ते आखता येत नाही.