चालता भूपट्ट : चार कडा आणि मधली जमीन

भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. हे मोजमाप आता नित्याचे झाले आहे. बंगळुरू आणि हैदराबाद येथे कायमची बसवलेली जीपीएस केंद्रे उपग्रहांच्या संदेशांवरून आपले स्थान मिलिमीटरच्या अचूकतेने नोंदवत असतात. एका दिवसाच्या नोंदीतून काहीच कळत नाही. पण काही वर्षांच्या नोंदी आलेखावर मांडल्या की सरळ चढत जाणारी रेघ दिसते. दोन्ही केंद्रे सरकतात, तरी त्यांच्यातले अंतर जवळजवळ तेवढेच राहते. भूपट्ट म्हणजे काय, हे यातूनच समजते. आतून फारसा न वाकता, न ताणला जाता, सबंधपणे सरकणारा पृथ्वीच्या पृष्ठभागाचा तुकडा म्हणजे भूपट्ट. फाटणे, चुरडणे, घासणे हे बहुतेक सारे त्याच्या कडांवर घडते.

या तुकड्याची जाडी साधारण शंभर किलोमीटर आहे. त्यात वरचे भूकवच येते आणि त्याखालचा प्रावरणाचा थंड, कडक भागही येतो. भूपट्ट वितळलेल्या लाव्हारसावर तरंगतात, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. खालचे प्रावरण घन खडकाचेच असते. मात्र ते इतके तापलेले असते की लाखो वर्षांच्या मापाने पाहिले तर ते वाहते. पृथ्वीच्या पोटातली उष्णता बाहेर पडत असते आणि त्या ओघात हे सारे हलत राहते. परंतु भूपट्टाला सर्वांत मोठी ओढ बसते ती त्याच्या स्वतःच्या वजनाची. समुद्रतळाचा जुना, थंड आणि म्हणून जड झालेला भाग एखाद्या गर्तेतून प्रावरणात बुडू लागला की तो मागच्या सबंध भूपट्टाला खेचतो. दोरीवरची ओली चादर एका बाजूला जास्त लोंबली की उरलेली आपोआप तिकडे घसरते, तसेच हे घडते.

भारतीय भूपट्ट अभ्यासायला विशेष चांगला आहे, कारण भूपट्टांच्या सीमांचे सगळे मुख्य प्रकार त्याच्या कडांवर सापडतात. नैर्ऋत्येला समुद्रतळ नव्याने तयार होतो, उत्तरेला दोन खंड एकमेकांत घुसतात, पूर्वेला समुद्रतळ खाली बुडतो आणि वायव्येला दोन भूपट्ट एकमेकांना घासत जातात.

नैर्ऋत्येची कडा म्हणजे कार्ल्सबर्ग ही अरबी समुद्राच्या तळाशी असलेली जलमग्न पर्वतरांग. येथे भारतीय आणि आफ्रिकी भूपट्ट वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर या गतीने दूर जातात. पडणारी फट खालून येणारा शिलारस भरून काढतो, थिजतो आणि दोन्ही भूपट्टांच्या कडांना चिकटतो. १९६२ मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने या रांगेच्या एका भागावरून फिरून चुंबकीय मोजणी केली. केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज आणि त्यांचा विद्यार्थी फ्रेड वाइन यांनी पुढच्याच वर्षी त्या नोंदींचा अर्थ लावला. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. समुद्रतळाचा खडक थिजताना त्या वेळची दिशा त्यात कायमची कोरली जाते. त्यामुळे रांगेच्या दोन्ही बाजूंना सुलट आणि उलट चुंबकत्वाचे समांतर पट्टे तयार होतात. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असे मांडले होते. पण ते नेमके कसे सरकतात हे त्यांना पटवून देता आले नव्हते. ते कोडे सोडवणाऱ्या पुराव्यातला एक महत्त्वाचा भाग असा अरबी समुद्राच्या तळातून वर आला.

जमिनीवरचा तसाच पुरावा महाराष्ट्राच्या कातळात आहे. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. लाव्हा थंड होत ५८० अंश सेल्सिअसच्या खाली आला की हे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राला धरून राहतात. चुंबकीय क्षेत्राचा जमिनीशी होणारा कोन विषुववृत्तावर शून्य असतो आणि ध्रुवाकडे जाताना वाढत जातो, म्हणून त्या कोनावरून लाव्हा कोणत्या अक्षांशावर थिजला हे काढता येते. त्यासाठी खडकाचा नमुना काढण्यापूर्वी त्यावर उत्तर दिशा आणि क्षितिजपातळी काटेकोरपणे खुणावून घ्यावी लागते. ही खूण चुकली तर प्रयोगशाळेतली सगळी मेहनत वाया जाते. १९५०च्या दशकात लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजातील संशोधकांनी आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या खडकांवर हे काम केले. सागरतळाच्या पट्ट्यांचा अर्थ लागण्यापूर्वीच, भारत एके काळी विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता, हे या नमुन्यांनी दाखवून दिले होते. भूविज्ञानाच्या इतिहासात या कामाचा उल्लेख व्हावा तितका होत नाही.

आज मान्य असलेला हिशेब असा आहे : सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला, तेव्हा ही जमीन ३० अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास होती. मुंबई आज १९ अंश उत्तरेवर आहे. म्हणजे ४९ अंशांचा, जवळजवळ ५,४०० किलोमीटरांचा प्रवास झाला. सरासरी काढली तर वर्षाला आठ सेंटीमीटर येतात. प्रत्यक्षात सुरुवातीचा वेग १५ सेंटीमीटरांहूनही अधिक होता आणि पुढे तो बराच कमी झाला. त्याचे कारण उत्तरेच्या कडेवर आहे.

त्याआधी या प्रवासात काय मागे राहिले ते पाहायला हवे. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर भारतापासून सुटले. पुढे भारतीय भूपट्ट आज रियुनियन बेटाखाली असलेल्या तप्तस्थळावरून, म्हणजे प्रावरणातून उष्णता वर येणाऱ्या जागेवरून, गेला आणि भेगांमधून लाव्हाचे पूर आले. थरावर थर साचत गेले. पश्चिम घाटात त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरांच्या घरात जाते आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन या काळ्या पाषाणाने व्यापलेली आहे. भूपट्ट सरकत राहिला, तप्तस्थळ मात्र जागीच राहिले. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही बेटे त्या तप्तस्थळाने समुद्रात उमटवलेल्या माळेवर उभी आहेत. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

लाव्हाच्या त्या काळातच सेशेल्सचा तुकडाही भारतापासून वेगळा झाला. त्या बेटांवर ग्रॅनाइट मिळतो, म्हणजे ती ज्वालामुखीची नव्हेत, तुटलेल्या खंडाची बेटे आहेत. आज ती मुंबईपासून तीन हजार किलोमीटरांहून दूर आहेत. हा तुकडा तुटला ती कडा म्हणजे भारताचा पश्चिम किनारा. देशावर लाव्हाचे थर जवळजवळ आडवे पडलेले दिसतात. पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात आणि मुंबईत तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आढळतात. कडा तुटताना जमीन त्या बाजूला खचली, याची ही खूण आहे. पुढे पावसाने आणि नद्यांनी तो उभा उतार कोरत कोरत पूर्वेकडे मागे हटवला आणि कोकणची चिंचोळी पट्टी व तिच्यामागे सह्याद्रीची भिंत असा आजचा देखावा तयार झाला. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून एकाखाली एक असे लाव्हाचे थर स्पष्ट ओळखता येतात. म्हणूनच सह्याद्रीला हिमालयासारखा वली पर्वत म्हणता येत नाही. ती पठाराची तुटलेली आणि झिजलेली कड आहे. ही कड पश्चिमेला उंच आणि पठार पूर्वेकडे उतरते, त्यामुळे त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जवळचा अरबी समुद्र सोडून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते.

उत्तरेची कडा सर्वांत भव्य आहे. भारत आणि आशिया यांच्या मधे टेथिस नावाचा महासागर होता. त्याचा तळ आशियाखाली बुडत गेला आणि भारताला ओढत राहिला. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी महासागर संपला आणि खंडाला खंड भिडला. खंडाचे कवच हलके असल्याने ते समुद्रतळासारखे सहज बुडत नाही. येथेच भारताचा वेग पडला. कवच दुमडले, त्याचे तुकडे एकावर एक चढले, आणि तिबेटखाली ते सत्तर किलोमीटर जाड झाले. इतरत्र खंडांखाली ते साधारण तीस ते चाळीस किलोमीटर असते. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्रात साचलेला आहे. घरोघरीच्या देवघरांत पुजला जाणारा शाळीग्रामही समुद्रातलाच. नेपाळच्या काळी गंडकीत मिळणाऱ्या या काळ्या गोट्यांमधले चक्र म्हणजे टेथिसमध्ये राहणाऱ्या ॲमोनाइट या प्राण्याच्या शिंपल्याचा जीवाश्म होय.

ही टक्कर थांबलेली नाही. भारताच्या सरकण्यापैकी वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर हिमालयात सामावले जातात. ते रोज थोडे थोडे सरकून जात नाहीत. हिमालयाखालच्या मुख्य प्रस्तरभंगाचा, म्हणजे खडक जिच्यावरून सरकतात त्या भेगेचा, दक्षिणेकडचा भाग अडकून बसलेला असतो, खडक ताणाखाली वाकतो, आणि शतकभरात दोन मीटरांची घसरण साठते. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये ७.८ क्षमतेच्या भूकंपात या प्रस्तरभंगाचा सुमारे दीडशे किलोमीटरांचा भाग सुटला. काठमांडूची जमीन सुमारे एक मीटर उचलली गेली आणि जवळजवळ नऊ हजार माणसे मरण पावली. वर्षांच्या आलेखावर शांत दिसणारी रेघ मिनिटाभरात अशी तुटते.

पूर्वेला, अंदमान-निकोबारच्या पश्चिमेस असलेल्या गर्तेतून भूपट्ट तिरका खाली जातो. बुडणाऱ्या खडकातून पाणी बाहेर पडते, त्याने वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येचे बॅरन बेट हा भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, त्याचे कारण हेच. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रापासून अंदमानपर्यंत ही सीमा सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर फाटली. समुद्रतळ उचलला गेल्याने त्सुनामी आली आणि सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे गेली. जमीनही बदलली. अंदमानच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळखडक पाण्याबाहेर आले, तर ग्रेट निकोबारच्या दक्षिण टोकाचा इंदिरा पॉइंट चार मीटरांहून अधिक खचला.

वायव्येची चमन प्रस्तरभंगरेषा पाकिस्तान आणि अफगाणिस्तानातून जाते. येथे भारतीय बाजू उत्तरेकडे घासत जाते. नवे कवच तयार होत नाही, जुने बुडत नाही; पण भूकंप येथेही होतात.

आता मधली जमीन. हिमालयातल्या रेट्याचा दाब सबंध भूपट्टातून दक्षिणेपर्यंत पोहोचतो, आणि जेथे जुने प्रस्तरभंग आहेत तेथे तो कधीतरी मोकळा होतो. महाराष्ट्राचा कातळ अभंग आहे, दख्खनला भूकंप होत नाही, ही समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ क्षमतेच्या भूकंपाने मोडली. तेथे शिवसागर जलाशयाच्या पाण्याने, आधीच ताणाखाली असलेल्या प्रस्तरभंगांना चालना दिली, असे शास्त्रज्ञ मानतात. तेथे धक्के अजूनही बसतात. कराडला भूगर्भ संशोधनाचे केंद्र उभारून कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले. त्यात लाव्हाच्या थरांखाली थेट ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला.

मराठवाड्यातल्या किल्लारीला याहून अधिक हानी झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, ६.२ क्षमतेचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे मेली. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात पहिला पट्टाच काढून टाकला गेला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात आला. हिमालयात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात. येथे माणसे मेली ती मुख्यतः मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरची वजनदार माळवदे कोसळल्यामुळे. भूपट्ट थांबवता येत नाही. भिंत मात्र बांधता येते. दाराखिडक्यांच्या वर घराभोवती सलग फिरणारा लोखंड घातलेला काँक्रीटचा पट्टा आणि दगडी भिंतीत ठरावीक अंतरावर पूर्ण जाडीभर आरपार जाणारे दगड, एवढ्यानेही घर पडण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. मराठवाड्यात किंवा कोयनेच्या खोऱ्यात घर बांधणाऱ्याने गवंड्याकडून या दोन गोष्टी करवून घ्याव्यातच.