जुन्या जीपचे चाक : स्टड, अ‍ॅक्सल आणि अडॅप्टर

जुन्या महिंद्रा जीपचे प्रत्येक चाक पाच स्टडांवर बसते. हे स्टड साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर समान अंतराने लावलेले असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपपासून चालत आलेले हे माप पुढे बोलेरोपर्यंत टिकले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्रा कंपनीने १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि तिथून ही गाडी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोहोचली.

बुलढाणा जिल्ह्यातले रस्ते पाहिले की तिथे जीप का रुजली ते कळते. मलकापूर-मोताळ्याकडून येणारा रस्ता राजूर घाटाने अजिंठ्याच्या डोंगरावर बुलढाण्याला चढतो, तर खामगावची वाट बोथा घाटातून, ज्ञानगंगा अभयारण्यातून जाते. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात काळी जमीन आहे. पावसाळ्यात तिचा चिखल चाकांना लगद्यासारखा चिकटतो. अशा भागात जुनी जीप सांभाळणाऱ्याला रुंद टायर आणि वेगळ्या मापाची रिम बसवावीशी वाटते. मूळ हबवर ती बसत नाही, तेव्हा अडॅप्टरचा प्रश्न येतो.

त्याआधी मागचा अ‍ॅक्सल समजून घेतला पाहिजे. गिअरबॉक्सकडून आलेली शक्ती डिफरन्शियलमध्ये वळते आणि दोन अ‍ॅक्सलमधून दोन्ही चाकांना मिळते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांच्या वेगातला हा फरक डिफरन्शियल सांभाळते. जुन्या नागरी जीपच्या अनेक मागच्या अ‍ॅक्सलांचे टोक निमुळते असते. त्यावर हब घट्ट बसतो, मध्ये चावी असते आणि वरून मोठा नट व स्प्लिट पिन असते. या रचनेत अ‍ॅक्सल चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. म्हणून चाक बाहेर सरकले की अ‍ॅक्सलवरचा व बाहेरच्या बेअरिंगवरचा ताण वाढतो.

अडॅप्टर ही हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी जाड चकती असते. तिला दोन प्रकारची छिद्रे असतात. एका संचातून हबचे मूळ स्टड जातात आणि नटांनी चकती हबला आवळली जाते. दुसऱ्या संचात चकतीचे स्वतःचे स्टड असतात, त्यांवर रिम बसते. निव्वळ मध्ये सरकवायच्या स्पेसरला स्वतःचे स्टड नसतात. त्यामुळे मूळ स्टडवर नटाला कमी आटे मिळतात आणि धोका वाढतो. प्रत्येक बाजूला ३० मिलिमीटरचा अडॅप्टर लावला, तर दोन चाकांमधले अंतर ६० मिलिमीटरने वाढते. अडॅप्टर घडीव पोलादाचा किंवा घडीव अ‍ॅल्युमिनियमचा असावा आणि मधले छिद्र हबच्या कड्यावर नेमके बसावे. अचूक मापाशिवाय लेथवर कातलेल्या चकतीमुळे चाक डगमगते.

स्टडचे आटे सर्वांत महत्त्वाचे आहेत. जीपचे स्टड अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जाडीचे असून त्यांवर इंचाला २० आटे असतात. नट किमान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे, हा नियम धरला तर त्याला दहा पूर्ण फेरे मिळायला हवेत. मूळ गाडीत डाव्या चाकांच्या स्टडांना उलटे आटे असतात, आणि ओळखीसाठी त्यांच्या टोकांवर खूण असते. डाव्या नटाला उजव्याच्या सवयीने जोर लावला, तर तो सुटण्याऐवजी आवळतो आणि स्टड तुटतो. दोन्ही प्रकारचे स्टड एकाच चाकावर कधीही लावू नयेत.

स्टड बदलताना घाई महागात पडते. जुन्या जीपमध्ये ते अनेकदा हब आणि ड्रम एकत्र धरून मागून ठोकून फुगवलेले असतात. तसेच हातोड्याने बाहेर काढले तर हबची कड वाकते, म्हणून फुगवलेला भाग आधी ड्रिलने काढावा. निमुळत्या टोकावरचा हब स्क्रूच्या पुलरनेच काढावा. अ‍ॅक्सलच्या टोकावर ठोकल्यास बेअरिंगला इजा होते. आत शिम, म्हणजे पातळ चकत्या, सापडल्या तर त्या जशा होत्या तशाच परत बसवाव्यात, कारण अ‍ॅक्सलची मोकळीक त्यांवर ठरते. नवा स्टड प्रेसने, सरळ रेषेत दाबावा.

अडॅप्टर बसवताना गाडी घोड्यांवर (स्टँडवर) टेकवून पुढची चाके अडवावीत. हबची पृष्ठे वायर ब्रशने गंज आणि रंग निघेपर्यंत घासावीत, कारण पकड धातूने धातूला चिकटून मिळते. अडॅप्टरचे नट चांदणीच्या क्रमाने थोडे थोडे आवळावेत आणि शेवटी टॉर्क रेंचने निर्मात्याने दिलेल्या मापावर आणावेत. मूळ स्टडची टोके अडॅप्टरच्या पृष्ठाबाहेर आली तर रिम सपाट बसत नाही. तेव्हा जाड अडॅप्टर घ्यावा. रिमच्या छिद्राचा उतार आणि नटाचे शंकूसारखे टोक जुळलेच पाहिजे. चाक हाताने फिरवून ते ड्रम, कमान-पट्टे वा मडगार्डला घासत नाही ना, हे पाहावे. ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा तपासावेत, आणि घाटात किंवा चिखलात फिरल्यावर ही तपासणी टाळू नये.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या गाड्यांना विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली, पण गाडी मूळ रूपात राखलेली असावी लागते. म्हणून बुलढाण्यातल्या एमएच २८ क्रमांकाच्या गाडीच्या मालकाने अडॅप्टर लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे, आणि काढलेले मूळ स्टड, नट, हब व रिम जपून ठेवावेत, म्हणजे गाडी पुन्हा मूळ अवस्थेत आणता येते.